बारीक जाळीतला पाऊस

२७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. तिथून सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या कुलाबा वेधशाळेत त्याच काळात मोजला गेला तो अवघा ७३ मिलिमीटर. एकाच शहराच्या एका भागात शेकडो माणसांचे बळी घेणारा महापूर, तर दुसऱ्या टोकाला पावसाळ्यातला एक साधा दिवस.

त्या सुमारास आपल्या देशात रोजच्या अंदाजासाठी वापरल्या जाणाऱ्या जागतिक संगणकीय मॉडेलच्या जाळीत दोन शेजारच्या बिंदूंमधले अंतर साधारण १५० किलोमीटर होते. म्हणजे सांताक्रूझ, कुलाबा, जवळचा समुद्र आणि पलीकडचा सह्याद्री हे सारे त्या जाळीच्या एकाच घरात मावत होते. एका घराला तापमान एक, वारा एक आणि पाऊसही एकच! मग जाळी आधीच बारीक का केली नव्हती, असे कोणीही विचारील. प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर मिळवायला शास्त्रज्ञांना जवळजवळ शंभर वर्षे लागली. ते पुरते मिळाले आहे असे आजही म्हणता येत नाही.

पहिला प्रयत्न, पहिले अपयश

हवा ही भौतिकशास्त्राचे नियम पाळते. तेव्हा तिची आजची स्थिती अचूक कळली तर समीकरणे सोडवून उद्याची स्थिती काढता यावी, असा विचार नॉर्वेच्या विल्हेल्म बिर्कनेस यांनी १९०४ मध्ये मांडला. समीकरणे होती, पण ती नेहमीच्या रीतीने सुटणारी नव्हती. इंग्लंडच्या लुईस फ्राय रिचर्डसन यांनी यातून वाट काढली. नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखी घरे आखायची, प्रत्येक घरातल्या हवेचा दाब, वेग, तापमान लिहायचे, आणि शेजारच्या घरांतल्या आकड्यांवरून बेरीज-वजाबाकी-गुणाकाराने काही तासांनंतरचे आकडे काढायचे.

रिचर्डसन युद्धविरोधी क्वेकर पंथाचे होते. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये रुग्णवाहिका पथकात काम करत होते. जखमींची ने-आण करून उरलेल्या वेळात त्यांनी हे गणित हाताने केले. त्यासाठी त्यांनी २० मे १९१० या दिवसाची मध्य युरोपातील निरीक्षणे घेतली होती. त्यांच्या घरांची बाजू सुमारे २०० किलोमीटर होती. उत्तर आले ते असे की सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने वाढेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ स्थिर होता. मोठ्या चक्रीवादळातही दाबात इतका फरक क्वचितच पडतो!

रिचर्डसन यांनी हे उत्तर लपवले नाही. १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यांनी ते जसेच्या तसे छापले. जगाच्या हवामानाशी बरोबरी राखायची तर एका प्रचंड सभागृहात ६४,००० माणसे बसवून गणित करावे लागेल, असेही त्यांनी लिहिले. त्यांची चूक कुठे झाली हे पुढे स्पष्ट झाले. आरंभीच्या आकड्यांत दाब आणि वारा यांचा एकमेकांशी मेळ नव्हता. त्यामुळे गणितात वेगाने धावणाऱ्या खोट्या लाटा उठल्या आणि खरे हवामान त्यांत बुडाले. म्हणजे पद्धत बरोबर होती, पण सुरुवात सदोष होती. बारीक जाळीचे मॉडेल उभारणाऱ्या प्रत्येकाला हा धडा आजही पहिल्यांदा शिकावा लागतो.

जाळी निम्मी, काम आठपट

१९२८ मध्ये कूरांट, फ्रीड्रिख्स आणि लेवी या गणितज्ञांनी आणखी एक अट दाखवून दिली. गणितातली एक उडी जेवढ्या वेळाची असेल, तेवढ्या वेळात लाटेने एका घराहून जास्त अंतर ओलांडता कामा नये, नाहीतर उत्तर भरकटते. हवेतल्या सर्वांत वेगवान लाटा सेकंदाला साधारण ३०० मीटर जातात. १५० किलोमीटरच्या घरासाठी ५०० सेकंदांची उडी चालेल. तीन किलोमीटरच्या घरासाठी मात्र १० सेकंदांचीच. (पुढे यातून सुटण्याच्या काही युक्त्या निघाल्या, पण मूळ अडचण हीच.)

याचा हिशोब वर्गात फळ्यावर करता येईल. घराची बाजू निम्मी केली की तेवढ्याच प्रदेशात घरे चौपट होतात. वेळेची उडीही निम्मी होते, म्हणून काम आठपट. उंचीचे थरही दुप्पट केले तर सोळापट. १५० किलोमीटरवरून १० किलोमीटरवर यायचे असेल तर बाजू पंधरापट लहान होते आणि थर तेवढेच ठेवले तरी काम १५ × १५ × १५, म्हणजे ३,३७५ पट वाढते.

म्हणूनच १९५० मध्ये अमेरिकेत एनियाक या संगणकावर जूल चार्नी, राग्नार फ्यॉर्टॉफ्ट आणि जॉन फॉन नॉयमन यांनी पहिले यशस्वी अंदाज काढले तेव्हा त्यांची जाळी फारच विरळ होती. दोन बिंदूंमध्ये ७३६ किलोमीटर! अशा एका घरात जवळजवळ अख्खा महाराष्ट्र बसेल. त्यांनी समीकरणेही सोपी केली होती, त्यामुळे रिचर्डसन यांना छळणाऱ्या वेगवान लाटा गणितातून आधीच गळून गेल्या. तरीही चोवीस तासांचा अंदाज काढायला सुमारे चोवीस तासच लागले.

कडेचे काय करायचे?

साऱ्या जगासाठी जाळी बारीक करणे परवडत नसेल तर आपल्याला हव्या त्या प्रदेशापुरतीच करू, ही कल्पना ओघानेच आली. अमेरिकेच्या हवामान खात्याने १९७१ मध्ये असे प्रादेशिक मॉडेल रोजच्या वापरात आणले. त्याच्या जाळीचे अंतर सुमारे १९० किलोमीटर होते, म्हणजे तिथल्या मोठ्या मॉडेलच्या निम्मे. आज हे अंतर हास्यास्पद वाटेल, पण तेव्हा तीच ‘बारीक जाळी’ होती.

प्रदेश मर्यादित केला की नवी अडचण येते. हवेला कुंपण नसते. मॉडेलच्या कडेवरून आत कोणती हवा येते आहे हे प्रत्येक उडीला सांगावे लागते, आणि ती माहिती मिळते मोठ्या, विरळ मॉडेलकडूनच. दोन जाळ्यांचा सांधा नीट बसला नाही तर कडेवर खोट्या लाटा उठून आत पसरतात. १९७६ मध्ये ब्रिटनच्या एच. सी. डेव्हिस यांनी सुचवलेला उपाय आजही वापरात आहे. कडेलगतच्या काही घरांच्या पट्ट्यात मोठ्या मॉडेलचे आकडे आणि आपले आकडे मिसळायचे. अगदी कडेला मोठ्याचे वजन जास्त, आत जावे तसे आपले जास्त.

महाराष्ट्राचे उदाहरण घेऊ. नैऋत्य मोसमी वारे दीड किलोमीटर उंचीवर सेकंदाला १५ मीटर वेगाने वाहत असले तर दिवसाला सुमारे १,३०० किलोमीटर जातात. म्हणजे उद्या मुंबईवर येणारी हवा आज अरबी समुद्रात दूरवर, ओमानच्या वाटेवर आहे. आपल्याला फक्त मुंबईचा पाऊस हवा म्हणून मॉडेलची चौकट मुंबईभोवतीच आखली तर काही तासांतच आतली सगळी हवा बाहेरून आलेली असेल. मग आमची बारीक जाळी काय करणार? मोठे मॉडेल चुकले तर ती तीच चूक अधिक रेखीव करून दाखवील! म्हणून चौकटीत चौकट बसवावी लागते. मोठी चौकट समुद्रापर्यंत पसरलेली, तिच्यात मधली, आणि सर्वांत बारीक जाळी आपल्या गरजेच्या जागी.

भारतातली वाटचाल

१९८८ मध्ये दिल्लीत मध्यम पल्ल्याच्या अंदाजासाठी राष्ट्रीय केंद्र सुरू झाले आणि त्यासाठी अमेरिकेकडून क्रे एक्स-एमपी हा महासंगणक मिळाला. त्याहून शक्तिशाली यंत्र द्यायला अमेरिका तयार नव्हती. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ तयार केला. नव्वदच्या दशकात भारतीय हवामान खात्याने फ्लोरिडातील टी. एन. कृष्णमूर्ती यांच्या गटाच्या मॉडेलवर आधारलेले प्रादेशिक मॉडेल वापरायला घेतले. त्याची जाळी पाऊण अंशाची, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरची होती. पुढे एमएम५ आणि त्यानंतर डब्ल्यूआरएफ ही अमेरिकी मॉडेले खुली उपलब्ध झाल्याने विद्यापीठांतही असे प्रयोग होऊ लागले.

२६ जुलैचा पाऊस अनेक गटांनी नंतर संगणकावर पुन्हा ‘पाडून’ पाहिला. जाळी काही किलोमीटरची केली की मॉडेलमध्ये अतिवृष्टी उमटू लागली. पण ती नेमकी कुठे आणि किती, हे प्रयोगागणिक बदलत होते.

असे का व्हावे? एक कारण असे की एखादी गोष्ट मॉडेलला नीट दिसायला ती पाच-सात घरांएवढी तरी मोठी असावी लागते. दहा किलोमीटरच्या जाळीत दहा किलोमीटरचा ढग दिसत नाही. त्याचा परिणाम ठोकताळ्यानेच धरावा लागतो. घर तीन-चार किलोमीटरचे झाले तरच मोठे गडगडाटी ढग मॉडेलमध्ये आपोआप वाढू शकतात. दुसरे कारण म्हणजे रिचर्डसन यांचीच अडचण. बारीक जाळीला आरंभीची स्थितीही बारीक हवी, आणि २००५ मध्ये मुंबईत डॉप्लर रडारसुद्धा नव्हते. आज कुलाबा आणि वेरावली येथे ती आहेत, शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकेही बसली आहेत. तिसरे कारण एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६९ मध्ये दाखवले. आकाराने लहान घडामोडींतली चूक फार लवकर वाढते. मोठ्या कमी दाबाच्या पट्ट्याचा अंदाज काही दिवस टिकतो, एका ढगाचा काही तासच. म्हणून आता थोड्या-थोड्या वेगळ्या आरंभांपासून अनेक अंदाज काढतात आणि ‘इतकी शक्यता’ अशा भाषेत निष्कर्ष सांगतात.

मे २०२५ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत विकसित झालेली सहा किलोमीटर जाळीची जागतिक प्रणाली वापरात आली. रिचर्डसन यांनी हाताने केलेल्या गणितापेक्षा ही घरे तीसपटीहून अधिक लहान आहेत. तरीही सांताक्रूझ आणि कुलाबा यांच्यामध्ये त्यातली चारच घरे बसतात.

वर्गात करून पाहण्यासाठी

महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा पारदर्शक कागदावर उतरवून घ्यावा. त्यावर प्रमाणानुसार आधी १५० किलोमीटर बाजूचे चौकोन आखावेत आणि मुलांना प्रत्येक चौकोनाची सरासरी उंची अंदाजाने लिहायला सांगावी. समुद्र, कोकण, घाट आणि देश एकाच चौकोनात आल्यावर सह्याद्रीची भिंत कुठे जाते ते त्यांना दिसेल. मग तेच ५० आणि २५ किलोमीटरच्या चौकोनांनी करावे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजारही नाही, हा फरक कोणत्या जाळीत दिसू लागतो ते त्यांनाच शोधू द्यावे. आणि चौकोन भरायला दर वेळी किती वेळ लागला, हे घड्याळ लावून लिहून ठेवायला विसरू नये. बारीक जाळीची किंमत मुलांना त्या आकड्यांतूनच कळेल.