बिन, कोम, गुरु : नावातल्या मधल्या जागेचा इतिहास

कोडोलीहून (तालुका पन्हाळा, जिल्हा कोल्हापूर) एका वाचक मैत्रिणीचा संदेश आला. कागदोपत्री नाव मुलाचे, ओळख स्त्रीची. प्रश्न एका ओळीचा : वकील न लावता नाव कायदेशीर बदलता येते का? उत्तरही एका ओळीचे आहे. येते. २०१९ चा कायदा आणि २०२० चे नियम यांनी जो मार्ग आखला, त्यावर वकिलाची गरज कोठेच ठेवलेली नाही. मात्र संदेशाच्या शेवटी तिने आणखी चार शब्द लिहिले होते, 'आणि मधल्या नावाचे काय?' हा धागा त्या चार शब्दांसाठी आहे. त्यांचे उत्तर शोधताना मोडी दफ्तरापर्यंत मागे जावे लागते.

मराठेशाहीतील कोणताही महजर किंवा निवाडपत्र उघडा. साक्षीदारांच्या नावांत एक छोटा शब्द सतत भेटतो : 'अमका बिन तमका'. कोठे 'बिन', कोठे 'वलद'. दोन्हींचा अर्थ 'चा मुलगा'. बाईचे नाव आले की तेथे 'कोम' येतो, म्हणजे 'ची बायको'. हे शब्द दख्खनच्या सुलतानी राजवटींतून मराठी दफ्तरात उतरले आणि इंग्रजी अमलातील जमिनीच्या नोंदींतही टिकून राहिले. ज्यांच्या घरी पणजोबांच्या काळातले फेरफाराचे उतारे आहेत, त्यांनी ते एकदा काढून पाहावेत. 'कोम' हमखास सापडेल. पुढे हे जोडशब्द गळाले, पण त्यांनी धरून ठेवलेली जागा तशीच राहिली. शाळेच्या हजेरीपटात, शिधापत्रिकेवर, मतदारयादीत आपण जे तीन पदांचे नाव लिहितो, त्यातील मधले पद म्हणजे शब्द पुसला गेलेला 'बिन' किंवा 'कोम'. माणूस कोण, हे पहिले पद सांगते. तो कोणाचा, हे मधले.

नाव बदलणे आपल्या समाजाला अपरिचित आहे, असे कोणी म्हणाले तर त्याने इतिहास वाचलेला नाही. जांबेच्या नारायण सूर्याजी ठोसरांना आपण समर्थ रामदास म्हणतो. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवरीचे नवे नाव लिहिण्याची चाल आजही अनेक घरांत आहे. त्या एका मुहूर्तावर पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव अशी तिन्ही पदे बदलू शकतात, आणि 'हीच ती मुलगी कशावरून?' असे मांडवात कोणी विचारत नाही. निम्म्या समाजाचे नाव आयुष्यात एकदा बदलावे, अशी रीतच आपण घालून ठेवली आणि तिला सोहळा म्हटले.

कोल्हापूरकरांना तर याहून मोठे उदाहरण ठाऊक आहे. कागलच्या जयसिंगराव घाटगे यांचा मुलगा यशवंतराव, जन्म २६ जून १८७४. १७ मार्च १८८४ रोजी चौथ्या शिवाजी महाराजांच्या पत्नी आनंदीबाई यांनी त्याला दत्तक घेतले आणि तो शाहू छत्रपती झाला. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा गोपाळ काशीराव गायकवाड १८७५ मध्ये असाच बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. दत्तकविधानात नुसते पहिले नाव बदलत नाही, 'बिन' च्या पुढचा बापही बदलतो. जन्मदात्याचे नाव कागदावरून उतरते, घेणाऱ्याचे चढते, आणि वारसाहक्क त्या नव्या नावामागून चालत जातो. विधी झाला, साक्षी झाल्या, सरकारने मान्यता दिली, की मधली जागा हलते. ही जागा दगडावरची रेघ कधीच नव्हती.

आता या जागेवर येणाऱ्या तिसऱ्या शब्दाकडे वळू : 'गुरु'.

गोसावी, बैरागी यांच्या परंपरेत संन्यास घेतलेल्या माणसाला बाप सांगायचा नसतो. त्यांच्या नावात 'बिन' ऐवजी 'गुरु' येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या निवाड्यांत १८८७ चा एक प्रसिद्ध निवाडा आहे. त्याचे नावच 'त्रिंबकपुरी गुरु सीतलपुरी विरुद्ध गंगाबाई' असे आहे. गोसाव्यांच्या रूढींचा तो खटला. पक्षकाराच्या नावात बापाच्या जागी गुरू बसला आहे आणि इंग्रज सरकारच्या न्यायालयाने ते नाव जसेच्या तसे लिहून घेतले आहे. गुरूकडून चेल्याकडे जाणारा वारसा न्यायालयांना समजत होता, एवढे यावरून दिसते.

हाच गुरु-चेला संबंध हिजड्यांच्या घराण्यांचाही कणा आहे. घर सुटलेल्या व्यक्तीला गुरू पदरात घेते, नवे नाव देते, आणि गुरूच्या पश्चात जे काही असेल ते चेल्यांकडे येते. दत्तकाशी असलेले साम्य सांगण्याची गरज नाही. मराठा राजवटीत दख्खनमध्ये काही हिजड्यांकडे गावोगाव मागणी गोळा करण्याचे हक्क आणि इनाम जमिनी होत्या, त्यांच्या सनदाही होत्या. लॉरेन्स प्रेस्टन या इतिहासकाराने १९८७ मध्ये मुंबई इलाख्याच्या कागदांवरून हा विषय मांडला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इनामांची चौकशी सुरू झाली, तेव्हा कंपनी सरकारपुढे प्रश्न आला : गुरूच्या मागे चेल्याला हा हक्क द्यायचा का? सरकारने या हक्कांमागचा राजाश्रय काढून घेतला. गोसाव्याच्या नावातला 'गुरु' न्यायालयाच्या दारातून आत गेला. हिजड्याचा उंबऱ्याबाहेरच राहिला. माझ्या मते या संपूर्ण कथेचे वळण येथे आहे, १८७१ मध्ये नाही.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा मात्र अधिक कुप्रसिद्ध आहे, आणि ते योग्यच आहे. त्याचा दुसरा भाग त्या कायद्याच्या भाषेतील 'युनक' लोकांविषयी होता. वायव्य प्रांत, पंजाब आणि अवध हे त्याचे मूळ क्षेत्र; मुंबई इलाखा त्यात नव्हता. संशयित हिजड्यांची नावे आणि राहण्याची ठिकाणे यांची नोंदवही ठेवायची, त्यांच्या मालमत्तेची दुसरी वही ठेवायची, असे त्यात होते. नोंद झालेली व्यक्ती रस्त्यावर बायकी वेशात किंवा दागिने घालून दिसली, नाचली, गायली, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून लक्षणीय कलम वेगळे आहे : अशा व्यक्तीला अज्ञानाचे पालक होता येणार नाही, दानपत्र करता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही, दत्तक घेता येणार नाही. नाव आणि वारसा पुढे नेण्याच्या जेवढ्या वाटा होत्या, तेवढ्या मोजून बंद केल्या. १९११ च्या नव्या कायद्यात हा भाग वगळला गेला. पण निजामाच्या हैदराबाद संस्थानाने १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ च्या सुमारास, तसाच स्वतंत्र कायदा केला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. तो कायदा तेलंगणात इतका काळ पुस्तकात राहिला की उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला तो थेट जुलै २०२३ मध्ये.

कोल्हापूर भागात आणखी एक धागा मिसळतो, यल्लम्माचा. सौंदत्तीच्या डोंगरावर मार्गशीर्ष पौर्णिमेला या जिल्ह्यातून आजही गाड्या भरून जातात. माळ बांधलेला, लुगडे नेसलेला, परडी घेतलेला जोगता गावाला परका नसतो. राजन गवस यांच्या 'भंडारभोग' ने ते जग मराठी वाचकाला जवळून दाखवले. गाव त्याला जोगता म्हणून ओळखते, पण तलाठ्याच्या दफ्तरात तो जुन्याच नावाने राहतो. देवीचे दफ्तर वेगळे, सरकारचे वेगळे.

सरकारी दफ्तर बदलले ते १५ एप्रिल २०१४ पासून. त्या दिवशी न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने 'नालसा' निकालात सांगितले की स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. पाच वर्षांनी पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा आला, १० जानेवारी २०२० पासून तो अमलात आला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नियम झाले. ते नियम कोडोलीच्या मैत्रिणीसाठी सोप्या शब्दांत सांगतो.

अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने यासाठी राष्ट्रीय पोर्टल सुरू केले, त्यामुळे तो ऑनलाइन भरता येऊ लागला. अर्जासोबत एक प्रतिज्ञापत्र. त्याचा मसुदा नियमांतच छापलेला आहे, तो नव्याने कोणाकडून लिहून घ्यावा लागत नाही. (नोटरी बहुधा वकीलच असतो, हे खरे, पण येथे त्याचे काम सही-शिक्क्यापुरते.) त्या जिल्ह्यात वर्षभर सलग वास्तव्य हवे. वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी करायची नाही, असे २०२० च्या नियमांत स्पष्ट म्हटले होते. ओळख प्रमाणपत्रासाठी तीस दिवसांची मुदत ठेवली आहे, अर्ज फेटाळला तर कारण कळवावे लागते आणि नव्वद दिवसांत अपील करता येते. प्रमाणपत्र हाती आले की जन्मदाखला, दहावी-बारावीची प्रमाणपत्रे, जातीचा दाखला, आधार, पॅन, बँक पासबुक अशा कागदांवर बदल मागता येतो, आणि संबंधित कार्यालयाने तो पंधरा दिवसांत करावा असे नियम म्हणतात. शाळेचे कागद सर्वांत चिवट असतात. त्यांचा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय कोणत्याही खिडकीवरून हलू नये.

दुसरा मार्ग राजपत्राचा. कोल्हापुरात 'गॅझेट' म्हटले की २६ जुलै १९०२ आठवते. राखीव जागांचा शाहू महाराजांचा आदेश करवीर सरकारच्या गॅझेटात छापला गेला होता. १ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झाले. आज नावबदलाच्या जाहिराती महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये येतात. अर्ज स्वतःच करता येतो. गंमत अशी की राजपत्र नाव 'देत' नाही. या जाहिरातींची कायदेशीर जबाबदारी जाहिरात देणाऱ्याची, अशी सूचना शासन तेथेच छापते. माणसाने जाहीरपणे सांगावे, शासनाने ते छापावे, एवढाच तो व्यवहार. मांडवातल्या तांदळाच्या ताटाशी त्याचे नाते पाहा.

आता ते चार शब्द. २०१९ च्या कायद्याच्या सातव्या कलमात प्रमाणपत्रधारकाला कागदांवर बदलण्याचा हक्क दिला आहे तो 'पहिल्या नावाचा'. फक्त पहिल्या. दिल्लीत बसून मसुदा लिहिणाऱ्याला कदाचित ते पुरेसे वाटले असेल. काहींना पुरतेही. बीड पोलीस दलातील ललिता साळवे यांनी शस्त्रक्रियेच्या परवानगीसाठी नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाचे दार ठोठावले, मे २०१८ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि ते ललित साळवे झाले. देवनागरीत पाहिले तर तो सारा झगडा एका कान्याचा. पण ज्या व्यक्तीला बापाने घराबाहेर काढले, जिला वाढवले ते गुरूने, तिच्या नव्या नावामागे तोच बाप उभा राहतो. पहिले नाव तिचे होते. मधली जागा जिथल्या तिथे. त्यापलीकडचा बदल हवा असेल तर राजपत्राकडेच वळावे लागते.

आणि तरीही मधल्या जागेत हालचाल झाली आहे. डिसेंबर २०१६ मध्ये पारपत्राचे नियम सैल झाले, तेव्हा साधू-संन्याशांना आईवडिलांच्या जागी गुरूचे नाव देण्याची मुभा मिळाली. अट एवढीच की निदान एका सरकारी कागदावर ते तसे आलेले असावे. म्हणजे १८८७ चा त्रिंबकपुरी पुन्हा भेटला, हिजडा पुन्हा राहिला. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने ठरवले की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात बापाच्या आधी आईचे नाव येईल. तीन पदांचे नाव चार पदांचे झाले. बदलायचे ठरवले तर सरकार नावाचा साचाही बदलते.

या दोहोंच्या मधे, २ जानेवारी २०२१ रोजी, औरंगाबाद खंडपीठाचे न्या. रवींद्र घुगे यांनी एका ग्रामपंचायत निवडणुकीचा निकाल दिला. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे एका पारलिंगी स्त्रीने महिला राखीव जागेसाठी भरलेला अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने नाकारला होता. न्यायालयाने तो ग्राह्य धरला, आणि पुढे ती निवडूनही आली. निवाड्याच्या मथळ्यावर तिचे नाव छापले आहे : अंजली गुरु संजना जान. ज्या उच्च न्यायालयाने एकेकाळी त्रिंबकपुरीचे नाव जसेच्या तसे लिहून घेतले, त्याच्याच कागदावर 'गुरु' पुन्हा आला. या वेळी हिजड्यांच्या घराण्यातून.

म्हणून कोडोलीच्या मैत्रिणीला एक व्यवहाराची सूचना. मतदार नोंदणीचा सहा क्रमांकाचा नमुना उतरवून घे. २०२२ मध्ये सुधारलेल्या त्या नमुन्यात नातेवाइकाचे नाव विचारणारा रकाना आहे. त्यात वडील, आई, पती, पत्नी हे पर्याय आहेत, अनाथ असल्यास कायदेशीर पालक आहे, आणि त्यांच्या शेवटी, तृतीयपंथी व्यक्तीसाठी, गुरु.