पन्हा आधी, चौकडी नंतर

जव्हारच्या मुकणे घराण्याची उत्पत्तिकथा आमच्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. मूळपुरुष जयबा मुकणे यांनी बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. मग त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि केवढा तरी मुलूख घेरला. कार्थेजच्या डायडो राणीबद्दलही नेमके हेच सांगतात, तेव्हा इतिहास म्हणून या कथेवर भार टाकता येत नाही. पण जुने कपडे बेतण्याच्या नादाला लागल्यापासून मला ती वेगळ्याच कारणासाठी आवडू लागली आहे. घेर कातड्याच्या आकारावर ठरला नाही, ते कसे कापले यावर ठरला.

हा नाद लागला तो एका फजितीमुळे. १६६४ साली सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज जव्हारला थांबले आणि शिरपामाळावर त्यांचे स्वागत झाले, अशी इथली परंपरा आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेने या भेटीचा प्रवेश बसवला. भाड्याने येणारे चकचकीत साटीनचे झगे नकोत, निदान एक तरी अंगरखा खरा हवा, असा हट्ट मीच धरला आणि अर्थातच तो माझ्याच गळ्यात पडला. एका पुस्तकात अंगरख्याची छोटी आकृती होती. तिच्यावर चौकड्या आखल्या, मोठ्या चौकड्यांच्या कागदावर रेषा उतरवल्या, मांजरपाट बेतला, शिवला. मुलाने तो घातला, तलवार उपसायला हात वर केला आणि बाही खांद्यापासून टरकन उसवली.

चुका दोन होत्या. आकृती शिवून झालेल्या मापाची होती, तिच्यात माया धरलेली नव्हती. मी रेषेवर कात्री चालवली आणि प्रत्येक शिवणीत अर्धा अर्धा इंच गमावला. दुसरी चूक अधिक लाजिरवाणी. आकृतीच्या कोपऱ्यात एक लहानसा चौकोन सुटा काढला होता. ठिगळ असावे समजून मी तो सोडून दिला. तो चौबगला होता, काखेत बसणारा तुकडा. त्याच्याविना सरळ कापलेल्या बाहीत हात वर जातच नाही.

जगभर प्रचलित असलेली पद्धत चौकडीचीच आहे. इंग्लंडच्या जॅनेट अरनॉल्ड यांनी संग्रहालयांतले कपडे प्रत्यक्ष मोजून १९६४ पासून जी पुस्तके काढली, त्यांत मूळ इंच एक-अष्टमांश इंचात दाखवला आहे. म्हणजे आकृती आठपट करायची. ऐकायला सोपे, पण आठपट करताना चूकही आठपट होते. पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर सरकली तर कापडावर चार मिलिमीटरचा फरक. आठ कळ्यांच्या घेराला सोळा कडा. सगळ्या एकाच बाजूला चुकल्या तर चौसष्ट मिलिमीटर, म्हणजे अडीच इंच घेर वाढला किंवा गेला. झेरॉक्सवर तर मी विसंबतच नाही. आकृतीखालची मोजपट्टी कापली गेली की तो कागद निव्वळ चित्र उरतो.

आपल्या कपड्यांना या पद्धतीत एक भर घालावी लागते, आणि माझ्या मते तीच मुख्य आहे. आधी पन्हा शोधावा. मागावरून उतरलेल्या कापडाची रुंदी ठरलेली असे आणि वाया घालवण्याइतके ते स्वस्त नव्हते. समजा, पन्हा सत्तावीस इंच आहे. तेवढ्या रुंदीचा लांब तुकडा घेतला आणि वर डावीकडून चार इंचांवर व खाली डावीकडून तेवीस इंचांवर खूण करून तिरपे कापले, तर दोन सारख्या कळ्या मिळतात, फक्त एक उलटी करायची. प्रत्येकीची वरची टोक-रुंदी चार, खालची तेवीस. बेरीज पुन्हा सत्तावीस. चिंधीसुद्धा उरत नाही. म्हणजे कोणत्याही जुन्या कळीची वरची आणि खालची रुंदी मिळवून त्यात माया धरली, की मूळ कापडाचा पन्हा हाती येतो. आकृती मोठी करताना ही बेरीज जुळली नाही तर चूक आपली, असे मी सरळ धरून चालतो.

स्पेनच्या हुआन दे अल्सेगा या शिंप्याने १५८० मध्ये माद्रिदला छापलेल्या पुस्तकातही कपड्याचे भाग कापडाच्या पट्टीवर मांडूनच दाखवले आहेत. शिंप्याचा विचार तिथेही कापडापासून सुरू होत होता, तर!

एक सावधगिरी जाता जाता. आकृती पाठीमागून गिरवली की डावे-उजवे उलटते. मोगल काळच्या चित्रांत साधारणपणे हिंदूंचा जामा डाव्या काखेत बांधलेला दिसतो, मुसलमानांचा उजव्या. गिरवणाऱ्याच्या गफलतीने पात्राची ओळखच बदलायची.

आता उलट दिशेचे काम. आमच्या भागात बोहाड्याचे मुखवटे पिढ्यान् पिढ्या जपतात, कपड्यांचे तसे भाग्य नाही. चार महिन्यांच्या पावसात पेटीतले सुती वस्त्र बुरसटते, घडीवर विरते. ते शिवून टिकवण्याची आमची ऐपत नाही, पण मोजून एक-अष्टमांशात उतरवून ठेवणे हातातले आहे. मागच्या उन्हाळ्यात मोखाड्याकडच्या एका घरात असा एक पांढरा अंगरखा पाहायला मिळाला. घड्या इतक्या विरलेल्या, की चादरीवर पसरूनच मोजावा लागला. वेळ वाचवायला अर्धाच मोजून दुसरी बाजू तशीच काढावी, असा मोह झाला होता. सोबतच्या शिंपीकाकांनी अडवले. “दोन्ही बाजू मोजा. आपण शिवतो तेव्हा तरी दोन्ही सारख्या कुठे येतात?”

डाव्या बाजूच्या कळ्या वर साडेतीन, खाली साडेबावीस. बेरीज सव्वीस, पाव पाव इंच मायेचा एक इंच धरून सत्तावीस. आतल्या सरळ शिवणीत कापडाचा काठही सापडला. उजवीकडच्या दोन कळ्यांची बेरीज मात्र माया धरून पंचवीसच भरली, आणि काठ कुठेच नाही. रंग सारखा, विणही डोळ्यांना सारखीच. त्या दोन कळ्या दुसऱ्या कापडाच्या, कुणीतरी मागाहून बसवलेल्या. अंगरखा फाटल्यावरही तो टाकून न देता एवढ्या जपून दुरुस्त केला गेला होता. घरातल्या आजींना हे सांगितल्यावर त्यांनी तो हातात घेतला, उजवी बाजू उलटवली आणि बराच वेळ त्या शिवणीवरून बोट फिरवत बसल्या.

त्या आकृतीच्या डोक्यावर मी पन्हे दोन लिहिले आहेत.