शिवछत्रपतींच्या आरमाराचा सेनानी : दौलतखान

इतिहासाच्या तासाला मुले शिवरायांच्या गडांची नावे घडाघडा सांगतात. पण त्यांचे आरमार कोण चालवीत होते, असे विचारले की वर्ग गप्प होतो. या आरमाराच्या प्रमुखांत दर्यासारंग व दौलतखान ही दोन नावे तत्कालीन कागदपत्रांत ठळकपणे आढळतात. त्यांपैकी दौलतखानाच्या कामगिरीचा हा अल्प परिचय.

दौलतखानाचा मुख्य सामना जंजिऱ्याच्या सिद्दीशी होता. १६७४ साली सातवलीच्या खाडीत सिद्दी संबूलने त्याच्यावर हल्ला केला. दोन्ही सेनानी जखमी झाले. पण माघार सिद्दीला घ्यावी लागली. दोघेही मुसलमान होते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. झगडा धर्माचा नव्हता, कोकण किनाऱ्यावरील सत्तेचा होता.

पुढे जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग उभारण्याचे काम सुरू झाले. तेथील आरमारासाठी दौलतखान व दर्यासारंग यांजकडे रसद व पैसा पोहोचवावा, असा हुकूम प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास होता. त्याने हयगय केली. तेव्हा १८ जानेवारी १६७५ च्या पत्रात महाराजांनी त्याची कडक शब्दांत कानउघाडणी केली. तू हबशाला फितूर झालास की काय, असा संशय व्यक्त करून, ब्राह्मण म्हणून मुलाहिजा राखला जाणार नाही, असेही बजावले. माणसाची पारख जातीने नव्हे, कामाने होत होती, याचा याहून सबळ पुरावा कोणता?

१६७९ साली मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोरील खांदेरी बेटावर महाराजांनी तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. ऑक्टोबर महिन्यात दौलतखान सुमारे साठ गलबतांनिशी त्यांच्यावर चालून गेला. इंग्रजांचे ‘डोव्हर’ हे जहाज मराठ्यांच्या हाती लागले. ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाने मात्र निकराने झुंज दिली व मराठ्यांना परत फिरावे लागले. तरीही उथळ पाण्यात चालणाऱ्या हलक्या होड्या रात्रीच्या अंधारात बेटावर सामान पोहोचवीतच राहिल्या. अखेर इंग्रजांनी तह केला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

दौलतखानाला नेहमी यशच आले, असे नाही. जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट बळकावले. ते परत घेण्याच्या प्रयत्नात दौलतखानाचा पराभव झाला आणि तो स्वतः जखमी झाला.

विद्यार्थी मित्रांनो, ज्याच्या हाती सबंध आरमार सोपविले, त्याचा धर्म आड आला नाही. आणि ज्याने रसद रोखली, त्याची जात त्याच्या कामी आली नाही. कोणी तुम्हांला विचारले, की या भूमीच्या इतिहासात तुमचे काय, तर मान खाली घालू नका. खांदेरीकडे बोट दाखवा. आणि दौलतखानासारखे आपले नावही कामाच्या बळावरच कागदावर चढेल, असे वागा.