गुणगुण, गडगड आणि तिसरी पिन

तर झालं असं, की गेल्या शनिवारी मी हातात पक्कड घेऊन हॉलमध्ये फरशीवर बसलो होतो आणि सबवूफरच्या प्लगची अर्थिंगची पिन उपटणार होतो.

कारण एकच, गुणगुण. टीव्ही बंद, गाणी बंद, तरी त्या काळ्या डब्यातून आपलं 'हूंऽऽऽ' चालूच. त्यात बाबा आठवडाभर राहायला आलेले. त्यांना रात्री बारीक आवाजात जुन्या मैफिली ऐकायच्या असतात, आणि या गुणगुणीत तानपुरा कुठला नि सबवूफर कुठला तेच कळेना. ऑफिसातल्या मित्राने रामबाण उपाय सांगितला होता, "तिसरी पिन काढून टाक, दोन मिनिटांत शांत."

बाबांनी तीस वर्षं कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये काढली आहेत. चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "अरे, ती पिन आवाजासाठी नाही, माणसासाठी आहे. आतली वायर सुटून पत्र्याला लागली तर करंट जाणार कुठून? तुझा मुलगा त्याच डब्याला टेकून बसतो ना?"

पक्कड खाली ठेवली. मग विचार केला, कोडमध्ये बग आला की आपण काय करतो? ही ओळ कोणी, कधी, कशासाठी लिहिली ते आधी बघतो. या डब्याचीही तशी हिस्टरी काढू. अख्खा वीकेंड त्यात गेला. पण डब्यामागच्या प्रत्येक बटणाला एक जुनी गोष्ट आहे, आणि ती कळली की दुरुस्ती आपोआप कळते.

सुरुवात १९२५ साली. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग (कॉर्नफ्लेक्सवाले नव्हेत) या दोघांनी कागदी कोन आणि मागे हलणारी कॉइल, अशा लाउडस्पीकरवर शोधनिबंध लिहिला. आज तुमच्या घरात जे आहे ते मुळात हेच. पण तेव्हाचे कायमचे चुंबक अशक्त होते, म्हणून स्पीकरमध्ये इलेक्ट्रोमॅग्नेट बसवत आणि त्याला वीज घरच्या मेन्समधून. त्या विजेची थरथर थेट कोनात उतरायची. म्हणजे गुणगुण स्पीकरइतकीच जुनी! त्यावर पुढे इंजिनियर लोकांनी एक छोटी उलटी कॉइल जोडली, जी तेवढीच गुणगुण उलट्या दिशेने देऊन मूळची खोडून काढे.

आता चुंबक दणकट आहेत, पण गुणगुण दुसऱ्या दाराने येते. दोन उपकरणांना दोन वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ मिळाला, की त्यांना जोडणाऱ्या वायरीतून बारीक करंट फिरतो आणि आपल्याकडच्या मेन्सचे ५० हर्ट्झ ऐकू येतात. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. मी सगळे प्लग एकाच बोर्डवर आणले. फरक शून्य. मग एकेक वायर काढत गेलो (शुद्ध डीबगिंग). सेट-टॉप बॉक्सची, गच्चीवरून येणारी केबल टीव्हीची वायर काढली आणि... शांतता! त्या वायरीवर छोटा आयसोलेटर बसवला. पिन जागेवर, गुणगुण गायब. हुश्श.

दुसरी तक्रार, सोफ्यावर बसलं की बेस गायब आणि भिंतीपाशी उभं राहिलं की नुसती गडगड. यात डब्याचा काही दोष नव्हता. दोष खोलीचा. ४० हर्ट्झच्या आवाजाची लाट साधारण ८.६ मीटर लांब असते. आमचा हॉल ४.३ मीटर, बरोब्बर अर्धा. अशा वेळी भिंतींपाशी दाब सगळ्यात जास्त आणि मधोमध जवळपास शून्य. आणि सोफा कुठे? मधोमध!

यावरचा इलाज गमतीचा आहे. सबवूफर सोफ्यावर ठेवायचा, बेसवालं गाणं लावायचं आणि स्वतः हॉलभर रांगत फिरायचं. जिथे बेस स्वच्छ ऐकू येईल तिथे डबा ठेवायचा. ऐकणारा आणि वाजवणारा यांच्या जागा बदलल्या तरी मधला रस्ता तोच राहतो. हेल्महोल्ट्झ आणि रॅले यांनी १९व्या शतकातच मांडून ठेवलेला हा नियम. मला रांगताना बघून मुलगा खूश होऊन पाठीवर बसला. डबा कोपऱ्यातून निघून टीव्हीच्या डावीकडे आला आणि सोफा दोन फूट मागे गेला.

तिसरी गोष्ट, मागचं ते 'फेज'चं बटण. मी ते कधीच हलवलं नव्हतं. राइस-केलॉगच्या काळीच माहीत होतं, की कोनाच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना भेटले तर खालचे सूर कटतात. तसंच सबवूफर पुढे येताना बाकीचे स्पीकर मागे जात असतील, तर दोघांच्या सीमेवरचे सूर खाल्ले जातात. १९७६ साली लिंकविट्झ आणि रायली यांनी ही सीमा नीट कशी आखायची ते मांडलं. दोघंही ह्युलेट-पॅकार्डचे इंजिनियर. लिंकविट्झची नोकरी मायक्रोवेव्हच्या मोजमाप यंत्रांची आणि स्पीकर हा छंद! वीकेंड प्रोजेक्टवाल्यांनो, आशा सोडू नका. तर, आधी लाल-काळ्या वायरी उलट्या नाहीत ना ते बघा (आमची एक होती), मग सोफ्यावर बसून फेज दोन्हीकडे फिरवून घ्या. जिकडे बेस भरदार, ती बाजू बरोबर.

चौथी तक्रार खालच्या मजल्यावरच्या काकांची. १९७४ साली 'अर्थक्वेक' सिनेमासाठी थिएटरांत प्रचंड स्पीकर लावून 'सेन्सराउंड' आणलं गेलं. हॉलिवूडच्या चायनीज थिएटरमध्ये तर छताचे पोपडे पडतील म्हणून खाली जाळी बांधली होती म्हणतात. एवढ्या लांब लाटांना भिंत आणि स्लॅब म्हणजे पडदाच. डब्याखाली फोम ठेवल्याने फरशीची थरथर कमी होते, हवेतून जाणारा आवाज नाही. त्याला आवाज कमी करणं हाच उपाय.

पण आवाज कमी केला की बेस नाहीसा होतो, मग आपण तो वाढवून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सिनेमा लावला की काका वर! बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं, की हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात. जुन्या अँप्लिफायरवरचं 'लाउडनेस' बटण त्याचसाठी. म्हणून मी आता दोन खुणा केल्यात, रात्रीच्या मैफिलीची थोडी वर, सिनेमाची खाली.

रविवारी रात्री अकराला बाबा ऐकत बसले होते. आवाज अगदी बारीक. मी विचारलं, "बाबा, तानपुरा येतोय का?" त्यांनी नुसता हात वर केला. म्हणजे, बोलू नकोस.

सोमवारी मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे, मी तर वर्षभरापूर्वीच पिन कापली." त्याच्या घरी तीन वर्षांची मुलगी आहे. येत्या शनिवारी बाबा आणि मी नवीन थ्री-पिन प्लग घेऊन त्याच्याकडे जातोय.