चंक्रमण आणि आनापान : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

व्यायामापूर्वी थोडे चालावे, श्वासाकडे लक्ष द्यावे, म्हणजे शरीर व मेंदू दोन्ही सिद्ध होतात, असे आज सांगितले जाते. हा विचार केवळ आधुनिक आहे, हा समज पालि साहित्यापुढे टिकत नाही.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात वैशालीचा एक प्रसंग आहे. उत्तम भोजनामुळे भिक्खू स्थूल व रोगी झाल्याचे वैद्य जीवकाने पाहिले. त्याने चंक्रमण व जंताघर, म्हणजे उष्ण स्नानगृह, यांना अनुमती देण्याची विनंती केली आणि तथागतांनी ती मान्य केली. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे ५ लाभ सांगितले आहेत : प्रवासाची क्षमता, परिश्रमाची क्षमता, आरोग्य, अन्नपचन आणि दीर्घकाळ टिकणारी समाधी.

श्वासाचा इतिहासही बोधप्रद आहे. मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तानुसार, संबोधीपूर्वी सिद्धार्थ गौतमांनी श्वास कोंडून पाहिला. मस्तकात तीव्र वेदना झाल्या, पण ज्ञान लाभले नाही. अखेर तो देहदंडाचा मार्ग त्यांनी सोडला. आनापानसति सुत्ताच्या १६ पायऱ्यांत श्वासावर बळजोरी नाही. दीर्घ श्वास दीर्घ म्हणून व ऱ्हस्व श्वास ऱ्हस्व म्हणून जाणायचा, पुढे कायसंस्कार शांत करायचे.

देहदंड नाही आणि देहाची उपेक्षाही नाही, हाच मध्यम मार्ग होय. एका वैद्याच्या निरीक्षणावरून संघाने नवा नियम स्वीकारला, यातील अनुभवप्रामाण्य आम्हांस अधिक मोलाचे वाटते. विहारात ध्यानास बसण्यापूर्वी काही पावले सजगतेने चालणारा उपासक तोच वारसा पुढे नेत असतो.