बारगीर, पागा आणि गवताची गंजी

मराठ्यांच्या इतिहासात घोडा सर्वत्र आहे. परंतु तो बहुधा स्वाराच्या मांडीखालीच दिसतो. लढाईच्या वर्णनात त्याची संख्या सांगून आपण पुढे जातो. वस्तुतः तो काय खात होता व त्याचा धनी कोण होता, या दोन प्रश्नांवर सतराव्या शतकातील पुष्कळांचे जिणे अवलंबून होते. प्रस्तुत टिपणात एक शब्द व एक पत्र यांच्या आधारे एवढेच दाखवावयाचे आहे.

‘बारगीर’ हा तो शब्द. फारसीत ‘बार’ म्हणजे ओझे व ‘गीर’ म्हणजे घेणारा. ओझ्याचे जनावर, असाही अर्थ तेथे आहे. मराठीत तो जनावरावरून माणसावर सरकला, आणि सरकारच्या किंवा दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा स्वार बारगीर ठरला. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. (गंमत अशी की, ‘सिलाहदार’ म्हणजे शस्त्रधारी, त्या शब्दात घोडा नाहीच.) दोघांचे शौर्य सारखे असले तरी घोडा कोणाचा, यावर दर्जा ठरे. सभासदाच्या बखरीनुसार शिवाजी महाराजांनी शिलेदारांना पागेच्या हाताखाली ठेवले, ते कोणास बंड करता येऊ नये म्हणून. पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असे. म्हणजे जनावराची तहान व खूर यांची तरतूद लष्करी रचनेतच होती.

या तरतुदीच्या मुळाशी असलेली काळजी 1673 च्या एका पत्रात स्पष्ट दिसते. चिपळूण तालुक्यातील हळवर्ण येथील पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना महाराजांनी ते पाठविले. पावसाळ्यासाठी राखलेला दाणा व वैरण उन्हाळ्यातच उधळली, तर पावसात घोडी उपाशी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, अशी त्यात ताकीद आहे. महत्त्वाचे पुढेच आहे. घोड्याचा चारा संपला की स्वार कुणब्याच्या दारी जाणार. कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजीपाला उचलून आणणार. आणि गांजलेल्या कुणब्याला मोगलांहून तुम्हीच अधिक वाटणार. पत्रात उंदरालाही स्थान आहे: जळती वात त्याने ओढून नेली तर गंजी पेटेल, मग घोडी कशाने जगणार? राज्यकर्त्याची नजर इतक्या खाली पोहोचल्याचे दाखले आपल्याकडे फार नाहीत.

पत्रातील भीती पुढे दूरच्या मुलखात खरी ठरली. 1742 पासून नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर होऊ लागल्या. परमुलखात घोड्याचे पोट गावावरच भरणार. तेथे पावसाळ्याचा हिशेब मागणारे कोणी नव्हते. बंगालीत ‘बारगीर’चे ‘बर्गी’ झाले, आणि शिलेदार-बारगीर हा आपला बारीक भेद त्यात पुरता बुडाला: घोड्यावरचा प्रत्येक मराठा बर्गीच. ज्याला स्वतःचा घोडा नाही त्याचे नाव सगळ्या घोडदळाला मिळावे, हे अर्थविस्ताराचे उदाहरण अभ्यासकांनी अवश्य पाहावे.

1751 मध्ये अलीवर्दीखानाने वार्षिक बारा लाख रुपये चौथाई मान्य केली व स्वाऱ्या थांबल्या. बर्गी मात्र बंगाली अंगाईगीतात राहिले. त्या गीतात घोडा नाही. धान खाऊन टाकणारे बुलबुल आणि भरावयाचा सारा आहे.