उजळणीचें एक पान व त्यावरील दुरुस्ती

जुन्या दप्तरांची निवड करतांना सनदा, महजर, ताळेबंद किंवा खासगी पत्रें हातीं लागलीं कीं त्यांची नोंद तत्काळ होते. त्याच रुमालांतून मधूनमधून मुलांनीं लिहिलेलीं जीं पानें निघतात, त्यांचा निकाल मात्र बहुधा "उजळणी, निरुपयोगी" एवढ्या दोन शब्दांत लागतो. आमच्या हातूनहि हा अपराध घडला आहे. आज ज्या पानाविषयीं लिहावयाचें आहे तेंहि आम्हीं प्रथम असेंच बाजूस काढिलें होतें. त्याच्या पाठीवर गुळाचा एक हिशेब दिसला म्हणून तें पुन्हां हातीं घेतलें, इतकेंच.

पान मोडी आहे. मिती नाहीं, परंतु हातकागद व रुमालांतील शेजारचे कागद यांवरून तें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील मानण्यास हरकत दिसत नाहीं. वर सराईत हाताची कित्त्याची ओळ आहे. तिच्याखालीं तीच ओळ बालहस्तानें चार वेळां उतरली असून प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षां अधिक खालीं घसरली आहे. उरलेल्या जागेंत पावकी आहे. सोळा पावांचे चार बरोबर आहेत. पण सतरा पावांच्या पुढें ४। पाहिजे तेथें मुलानें ४॥ लिहिलें. एक दंड जास्त पडला. तो आंकडा कोणीं तरी खोडून शेजारीं ४। असें लिहिलें आहे. हें लिहिणारा हात कित्त्याचा नव्हे, तसाच तो चूक करणाऱ्या मुलाचाहि नव्हे. पण तोहि तितकाच कच्चा आहे. मग ही दुरुस्ती कोणाची? जुन्या शाळेंत मुलास शिकवीत कोण असे, हाच प्रश्न वेगळ्या रीतीनें या एका दंडांत येऊन बसला आहे.

मुलाचें शिक्षण कागदावर सुरू होत नसे, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. ओनामा धूळपाटीवर होई. फळीवर बारीक धूळ पसरावी, तींत बोटानें किंवा काडीनें अक्षर काढावें, तें मोडून पुन्हां काढावें. असें करतां करतां मुळाक्षरें, बाराखडी व अंक हातांत बसले म्हणजे मग बोरू, शाई व कागद. कागद महाग होता. तो शिकाऊ मुलाच्या हातीं सहजासहजीं देत नसत. म्हणून दप्तरांत सांपडणारें उजळणीचें पान हें आरंभींच्या अभ्यासाचें नव्हे, तर बराच पल्ला गाठलेल्या मुलाचें असें धरावें लागतें. आरंभीचा सर्व अभ्यास धुळींत लिहिला गेला व धुळींतच गेला. मोडींत ह्रस्वदीर्घाचा भेद सहसा पाळीत नाहींत, अक्षरें एकमेकांत गुंततात, आणि ओळीची शिरोरेघ आधीं मारून तिच्याखालीं अक्षरें लिहीत जावयाचें असतें. अशी लिपि नुसत्या डोळ्यांनीं वाचतां येत नाहीं. हात जसा वळतो तसें तें वाचन वळतें. छापील पुस्तक नव्हतें तोंवर वाचनाचा सराव जुन्या पत्रांवरच होई. तेव्हां लिहिणें आणि वाचणें हे दोन विषय नव्हते, एकच होता.

गणिताचें तसें नाहीं. तें तोंडानें शिकावयाचें. पूर्णांकांच्या पाढ्यांमागून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे अपूर्णांकांचे पाढे येत. आजच्या वाचकास यांतील शेवटची दोन नांवें केवळ पाठांतराचा छळ वाटतील. पण पानाच्या पाठीवरचा हिशेब पाहावा. गूळ मणास ७ रुपये. साडेसात शेरांचे १ रुपया ५ आणे. मध्यें गुणाकार नाहीं, भागाकार नाहीं. हें झालें कसें? मणाचे शेर ४०, रुपयाचे आणे १६. चाळिसांस सोळांनीं भागिलें तर अडीच येतात. म्हणून मणास जितके रुपये, अडीच शेरांस तितकेच आणे. साडेसात शेर म्हणजे तीन अडीच, म्हणजे सातां त्रिक एकवीस आणे. ज्यास अडीचकी पाठ आहे त्यास हा जाब बोरू उचलण्यापूर्वींच ठाऊक असतो. कोष्टकें वजनांचीं होतीं तसे पाढे होते. नाण्यांचीं होतीं तसे दंड होते. पाव, अर्धा व पाऊण यांस अनुक्रमें एक, दोन व तीन दंड लावीत, आणि रुपयापुढील एका दंडाचे चार आणे होत. भास्कराचार्यांच्या लीलावतीचा आरंभहि नाण्यांच्या व मापांच्या परिभाषेनेंच होतो, आणि तेथेंहि सोळा पणांचा एक द्रम्म आहे. पंतोजीनें लीलावती वाचली होती असें सुचविण्याचा आमचा हेतु नाहीं. सोळांचें कोष्टक बाजारांत किती जुनें आहे एवढेंच दाखवावयाचें आहे.

औट या शब्दाविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. संस्कृत अर्धचतुर्थ, म्हणजे ज्यांतील चौथा अर्धाच आहे तो; त्याचें प्राकृत अद्धुट्ठ, त्याचा मराठी औट. अर्धतृतीयाचा अडीच त्याच वाटेनें आला. संतवाङ्मयांत देहास औट हात म्हणतात तोहि हाच. जैन प्राकृत ग्रंथांत शोधावे लागणारे संख्याशब्द खेड्यांतील आठ वर्षांचें मूल रोज ओरडून म्हणत होतें, आणि त्याची नोंद घेण्यासारखी कोणास वाटली नाहीं.

आतां दुरुस्तीकडे वळूं. इ. स. १६२३ च्या नोव्हेंबरांत पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी वेंकटप्पा नायकाच्या इक्केरीस होता. तेथें एका देवळाच्या ओसरींत त्यानें चार मुलें अंकगणित घोकतांना पाहिलीं व तें सर्व आपल्या पत्रांत लिहून ठेविलें. एक मुलगा सुरावर एक पद म्हणे व म्हणतां म्हणतां जमिनीवर पसरलेल्या बारीक वाळूंत बोटानें तो अंक लिही. मागोमाग बाकीचे तेंच म्हणत व लिहीत. जागा भरली कीं नवी वाळू. गुरु जवळ नव्हता. कोणी विसरला तर सुधारणार कोण, असें विचारतां मुलांनीं उत्तर दिलें कीं चौघेहि एकाच वेळीं एकच गोष्ट विसरतील हें घडावयाचें नाहीं. इक्केरी कर्नाटकांत आहे व ही साक्ष आमच्या पानाहून सुमारें दोनशें वर्षें जुनी आहे, हें आम्ही विसरलों नाहीं. तिच्यावरून घाटावरच्या शाळेविषयीं सिद्धांत बांधतां येणार नाहीं. परंतु धूळ, सूर आणि पाढा हीं तिन्ही साधनें दोन्हींकडे एकच असतां चौथी गोष्ट, म्हणजे मुलानें मुलास सुधारणें, एकीकडेच असेल असें मानण्यास कारण काय?

याच रीतीचा पुढील प्रवास चमत्कारिक आहे. मद्रासेंत एग्मोर येथें सैनिकांच्या मुलांचें अनाथालय चालविणारा अँड्र्यू बेल यानें एका देशी शाळेंत मुलांस वाळूंत अक्षरें काढतांना पाहिलें, तें साधन आपल्या शाळेंत आणलें, आणि मोठ्या मुलांकडून लहान मुलांस शिकविण्याच्या प्रयोगाचा वृत्तांत १७९७ सालीं लंडनमध्यें छापिला. लॅंकेस्टरनें तसेंच कांहीं इंग्लंडांत चालविलें. पुढें १८२० नंतरच्या दशकांत मुंबईच्या नव्या शाळांत हीच पद्धति विलायतेची सुधारणा म्हणून आली! तिच्या प्रसारकांनीं देशी पंतोजीवर शाळा नीट चालवितां येत नाहीं असा ठपका ठेवावा, यांतील गंमत वाचकांस सांगावयास नको.

तथापि जुन्या शाळेचा गौरव करतांना तोल सुटूं नये. मुंबई सरकारच्या कौन्सिलांतील प्रेंडरगास्ट यानें १८२१ सालीं असें लिहून ठेविलें कीं आमच्या मुलखांत शाळा नाहीं असें गांव क्वचित्. हें वाक्य अभिमानानें पुष्कळांनीं उतरून घेतलें आहे. पण १८२९ च्या मोजणींत सुमारें ४७ लक्ष वस्तीच्या इलाख्यांत शाळा १,७०५ व मुलें सुमारें ३५ हजार भरलीं. म्हणजे दर सव्वाशें ते दीडशें माणसांमागें एक मूल. त्या वेळचे मूळ अहवाल रा. वि. परुळेकरांनीं १९५१ सालीं छापून उपलब्ध केले, ते दोन्ही बाजूंच्या कैवाऱ्यांनीं अवश्य पाहावे. घरच्या घरीं शिकणारीं मुलें अशा मोजणींत येत नाहींत हा आक्षेप खरा आहे. परंतु मोजणीबाहेर राहिलेल्यांत अशीं मुलें थोडीं, आणि ज्यांस ओसरीवर चढूंच दिलें नाहीं अशीं फार. अस्पृश्य मानलेल्या जातींचीं मुलें त्यांत होतीं, मुली त्यांत होत्या. जोतीराव फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा घातली ती या भिंतीस पाडलेली फट होय. त्याच फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें प्राथमिक शाळांचा जो अभ्यासक्रम सुचविला, त्यांत वाचन, मोडी व बाळबोध लेखन आणि हिशेब हीं आरंभींच आहेत. जुनी विद्या टाकाऊ होती अशी त्यांची तक्रार नव्हती. ती आपल्यास मिळूं दिली नाहीं, अशी होती. छडीचा व अंगठे धरण्याचा पाठहि त्याच शाळेंत मिळे, हें सर्वांस ठाऊकच आहे.

शाळेंतील पाठ घरीं पक्का करावयाचा तो परवच्याच्या वेळीं. दिवेलागणीस पाढे, तिथि, नक्षत्रें एका सुरांत म्हणावयाचीं. ज्या माऊलीस अक्षर येत नसे तीहि स्वयंपाक करतां करतां चुकलेला पाढा कानानें पकडी, हें आम्हीं आमच्या घरांतील वृद्धांच्या तोंडून ऐकिलें आहे. १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नवे पैसे झाले व पुढील वर्षापासून शेर-मण जाऊन किलो येऊं लागले. त्याबरोबर अडीचकीचें काम संपलें. त्यावर हळहळण्याचें कारण नाहीं. ज्या कोष्टकासाठीं ती होती तें कोष्टकच उरलें नाहीं.

पानावरील दुसरा हात कोणाचा हें निश्चित सांगतां येत नाहीं. थोरला भाऊ, शाळासोबती किंवा शेजारचा मुलगा, कोणीहि असूं शकेल. मात्र त्याच रुमालांतील आणखी एका फाटक्या तुकड्यावर निमकी आहे व तिच्यांतील आंकड्यांचें वळण या दुरुस्तीच्या ४। शीं जुळतें असें आमचें मत आहे. तेथें त्यानें स्वतःच दोन चुका केल्या असून त्या कोणीं सुधारलेल्या नाहींत. ज्यांच्या संग्रहीं अशीं पानें असतील त्यांनीं खाडाखोड झालेलीं आधीं पाहावीं व कोणत्या हातानें काय खोडिलें तें टिपावें; स्वच्छ पानांपेक्षां तीं अधिक बोलतात. आमचें पान आम्हीं ज्या दोन कागदांमध्यें निघालें त्यांच्याचमध्यें परत ठेविलें आहे: मागें सावकारी खात्याचा उतारा, पुढें घरखर्चाची याद. यादींतील "निरुपयोगी" हा शेरा काढून तेथें "पावकी, दोन बालहस्त, एक दुरुस्ती" असें लिहिलें आहे.